पिवळ्या धोत्र्याची पारख

मराठवाड्यात पॉपीचे रानटी फूल मिळते का, असे विचारले तर बहुतेक जण नाही म्हणतील. खसखस सगळ्यांना ठाऊक आहे. ती वाण्याकडून येते आणि अनारशाला लागते. अफूही ठाऊक आहे. तिची बातमी पेपरात येते. काश्मीरकडच्या शेतातली तांबडी फुले कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलेली असतात. पण गंगाखेडहून दक्षिणेला, बालाघाटाच्या रांगांकडे, राणीसावरगावच्या शिवारात शिरताना रस्त्याच्या कडेला, पांदीत, उकिरड्याशेजारी, पडीक रानात माघ-फाल्गुनात जे पिवळेधमक काटेरी झुडूप फुललेले असते, ते याच कुळातले आहे, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. आपण त्याला पिवळा धोत्रा म्हणतो, काटेधोत्रा म्हणतो, फिरंगी धोत्रा किंवा बिलायत म्हणतो, आणि पाय जपून पुढे जातो.

पुढे दिलेली टिपणे या झुडपाजवळ थोडे थांबणाऱ्यांसाठी आहेत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी मुले, कृषी सहायक, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आणि ज्यांच्या शेतात हे तण दर रब्बीला उगवते ते शेतकरी, असे चौघे वाचक डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत. चौघांचे प्रश्न वेगळे आहेत. विद्यार्थ्याला जातीचे नाव हवे असते, शेतकऱ्याला ते झाड करडईच्या ओळीतून वेळेवर उपटायचे असते. गंमत अशी की दोघांना पाहायच्या खुणा मात्र पुष्कळशा त्याच आहेत.

आधी मूळ गोष्ट. पिवळ्या धोत्र्याचे शास्त्रीय नाव आर्जेमोनी मेक्सिकाना. लिनियसने १७५३ मध्ये ते दिले आणि झाडाचे माहेर नावातच सांगून टाकले. अमेरिका खंडातून जहाजांबरोबर ते इकडे आले आणि असे रुजले की आज त्याला परके म्हणायला जीभ वळत नाही. आपल्या वैद्यकीत तर त्याने एक जुनी गादी बळकावली. चरकसंहितेत स्वर्णक्षीरी नावाची वनस्पती आहे. पिवळा चीक निघतो म्हणून पुढच्या काळात हे नाव पिवळ्या धोत्र्याला चिकटले, आणि बाजारात त्याचीच मुळे त्या नावाने जाऊ लागली. कोलंबसाच्या आधी दीड हजार वर्षे लिहिणाऱ्यांनी मेक्सिकोचे झाड पाहिले असण्याची सोय नाही. म्हणजे चरकांची स्वर्णक्षीरी कोणती तरी दुसरी होती, आणि एका खुणेवर, नुसत्या चिकाच्या रंगावर, ओळख पटवल्यामुळे भलतेच झाड तिच्या जागी जाऊन बसले. एकाच खुणेवर विसंबण्याचा धोका सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

आता या प्रस्तावनेचा खरा विषय. आर्जेमोनी प्रजातीत जाती बऱ्याच आहेत. गेराल्ड ओन्बी या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीजमधल्या जातींचा मोठा ग्रंथ लिहिला, आणि आजही कुठलाही वाद झाला की लोक तिकडेच धावतात. त्यातल्या ज्या दोन जाती जगभर तण म्हणून पसरल्या, त्या एकमेकींसारख्या दिसतात. एक आपली मेक्सिकाना. दुसरी आर्जेमोनी ऑक्रोल्युका, जिच्या फुलांचा पिवळा रंग फिका, लिंबाच्या सालीहून निवळ, कधी तर सायीसारखा असतो. मराठीत तिला वेगळे नाव नाही; सोयीसाठी इथे मी तिला फिका धोत्रा म्हणतो. ऑस्ट्रेलियात आणि आफ्रिकेत तिने मोठे उपद्व्याप केले आहेत, आणि उत्तर भारतातूनही तिच्या नोंदी आहेत. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या याद्यांत फिका धोत्राही वर्षानुवर्षे मेक्सिकाना म्हणूनच नोंदला जात होता. आधीच्या माणसाने पिवळे काटेरी झुडूप पाहिले, ओळखीचे नाव लिहिले, पुढच्याने त्याच्यावर विश्वास ठेवला.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण आपला मुलूख फार उशिरा नोंदवला गेला. थिओडोर कुकची मुंबई इलाख्याची प्रसिद्ध वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली. पुण्या-नाशकाच्या, कोकणाच्या, धारवाडच्या झाडांसाठी आजही ती उघडावी लागते. पण परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, म्हणून ती कुकच्या कुंपणाबाहेर राहिली. मराठवाड्याच्या सपुष्प वनस्पतींचा सलग ग्रंथ व्ही. एन. नाईक यांनी सिद्ध केला, तो १९९८ मध्ये, दोन खंडांत. कुकनंतर नव्वद वर्षांनी! राणीसावरगावच्या परिसरात कोणी चिकाटीने झाडे पाहू लागला, तर त्याच्या नोंदीला मोल आहे ते यामुळे. फिका धोत्रा इथे आहेच, असा दावा मी करत नाही. तो असला तर ओळखता यावा आणि नसला तर फिकट पडलेल्या मेक्सिकानाला उगाच त्याचे नाव मिळू नये, एवढीच या टिपणांची हाव आहे.

आणि फिकट मेक्सिकाना असतेच, तिथेच सगळी मेख आहे. पाकळीच्या रंगावर जाऊ नये, हे मी इथे ठासून सांगतो. मेक्सिकानाच्या पाकळ्या गडद पिवळ्या असतात हे खरे, पण क्वचित त्या लिंबोळ्या रंगाच्याही निघतात. सकाळी उमललेले फूल आणि दुपारच्या उन्हात पाघळलेले फूल यांचा रंग एकच दिसत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्यात तर पिवळा रंग हमखास बिघडतो. ऊन कडक असेल तर गडद पाकळीही पांढरट उमटते. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात तर काय, पाकळ्या बहुधा गळतात आणि राहिल्या तरी रंग टिकत नाही. म्हणून पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या संग्रहात जाऊन जुना नमुना पाहिला, तरी रंगाचा निवाडा तिथे होत नाही. तो शेतातच, जिवंत झाडापाशी, कागदावर लिहून ठेवावा लागतो.

मग पाहायचे काय? माझ्या मते पहिली गोष्ट कळी. फुलाकडे सगळे पाहतात, कळीकडे कोणी पाहत नाही, आणि निवाडा तिच्यात आहे. मेक्सिकानाची कळी जवळजवळ गोल असते. जेवढी उंच तेवढीच रुंद, फार तर किंचित लांबट. फिक्या धोत्र्याची कळी लांबुळकी असते. दोन्हींच्या टोकावर तीन शिंगे असतात, कारण निदले तीन आणि प्रत्येकाच्या शेंड्याशी एकेक काटेरी शिंग. शिंगे सोडून मधल्या फुगीर भागाचीच लांबी-रुंदी मोजायची. नवखे लोक शिंगांसकट मोजतात आणि मग गोल कळीही लांब भरते. उमलण्याच्या बेतात असलेली कळी घ्यावी. अगदी कोवळ्या कळ्यांवरून दोन्ही जाती सारख्याच वाटू शकतात. आणि एका झाडाची एक कळी पाहून समाधान मानू नये. शेजारची झाडे पाहावीत, मग पांदीच्या दुसऱ्या टोकाची.

त्यानंतर पाकळ्यांचा घाट. बहुधा त्या सहा असतात, तीन बाहेर आणि तीन आत, कळीत चुरगळून कोंबल्यासारख्या. मेक्सिकानाच्या पाकळ्या टोकाकडे रुंद, एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे फूल भरल्या वाटीसारखे दिसते. फिक्या धोत्र्यात त्या अरुंद, त्यामुळे फुलाला तो भरीवपणा येत नाही. मग पाने: फिक्या धोत्र्याची पाने जास्त खोलवर कापलेली आणि अधिक निळसर असतात असे वर्णन मिळते, पण पानांचे मी शपथेवर काही सांगणार नाही. मुरमाड माळावर वाढलेले झाड आणि कॅनॉलच्या पाण्याने ओल्या राहिलेल्या काळ्या रानातले झाड एकाच जातीचे असले तरी त्यांची पाने दोन जातींची वाटावीत इतकी वेगळी होतात. काट्यांचेही तसेच. बोंडावर काटे नसलेले मेक्सिकानाचे रूपही शास्त्रात नोंदलेले आहे. तेव्हा गुळगुळीत बोंड मिळाले म्हणून नवी जात सापडली, असे घाईने जाहीर करण्यात अर्थ नाही.

दोन जातींमधला सर्वांत पक्का फरक डोळ्यांना दिसत नाही. मेक्सिकानाच्या पेशीत २८ गुणसूत्रे असतात आणि फिक्या धोत्र्याच्या पेशीत ५६. त्यासाठी कोवळ्या कळ्या योग्य रसायनात टिकवून प्रयोगशाळेत न्याव्या लागतात. शंका फारच चिवट असेल तर तो रस्ता आहेच. परभणीचे कृषी विद्यापीठ दूर नाही. पण शेतातली नोंद नीट नसेल तर सूक्ष्मदर्शकाखालची संख्या कोणत्या झाडाची, हेच पुढे कळेनासे होते.

परदेशातले अनुभवी लोकही रंगाला असेच दुय्यम मानतात. युरोपात गव्हाच्या शेतात तांबड्या पॉपीच्या जाती एकमेकींत मिसळून उगवतात. तिथला जाणकार फुलाला नुसता नमस्कार करतो आणि बोंडाकडे वळतो. पापावर ऱ्होइयास या नेहमीच्या जातीचे बोंड गोलसर आणि गुळगुळीत, पापावर डुबियमचे लांबट आणि गुळगुळीत. पापावर हिब्रिडमचे गोल पण राठ केसांचे, पापावर आर्जेमोनीचे लांब आणि केसाळ. फुलाच्या देठावरचे केस उभे आहेत की देठाला चिकटून आहेत, हेही ते पाहतात. तांबडा रंग मात्र चौघींचाही. यातली शेवटची जात आणि आपल्या धोत्र्याची प्रजात यांच्या नावात आर्जेमोनी समान आहे, म्हणून इंटरनेटवर शोधताना दोघींची चित्रे एकमेकांत मिसळून येतात. विद्यार्थ्यांनी तेवढे भान ठेवावे.

आता शेतकऱ्याच्या अंगणातली गोष्ट. त्याला कुळ-प्रजातीशी देणेघेणे नाही, आणि असू नयेच. त्याच्यापुढचा पेच वेगळा. ज्वारीच्या कडेने गुरे आत शिरू नयेत म्हणून करडई पेरायची आपली जुनी रीत आहे, आणि परभणी तर करडईच्या वाणांसाठी नावाजलेली. ‘परभणी कुसुम’ हा वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचा. करडईचे कोवळे रोप जमिनीलगत पाने पसरून बसते. पिवळ्या धोत्र्याचे कोवळे रोपही तसेच बसते. खुरपताना बाया पानाच्या शिरांकडे पाहतात: धोत्र्याच्या पानात शिरांच्या कडेने पांढरट-निळसर पट्टे असतात, करडईचे पान सपाट हिरवे. तरी शंका राहिली तर पान मोडायचे. पिवळा चीक आला की झाले. करडईला चीक नाही. भुईरिंगणी आणि उंटकटारा हेही काटेरी, पण तेही चिकाशिवायचे. पाथरीला आणि तिच्या भावकीतल्या म्हाताऱ्याला चीक असतो, मात्र पांढरा. अफूच्या रोपाला चीक पांढरा, काटे अजिबात नाहीत, आणि पाने देठाशिवाय थेट खोडाला कवटाळतात. ज्याला आपण नुसता धोत्रा म्हणतो, महादेवाला वाहतो, तो तर वांग्याच्या कुळातला. त्याचे फळ काटेरी गोळ्यासारखे आणि फूल कर्ण्यासारखे. नावात धोत्रा असला तरी या दोघांचे नाते नाही. विषारी मात्र दोघेही, आणि दोघांची विषे वेगळी.

अफूचा उल्लेख आलाच आहे तर एवढे सांगून टाकतो. खसखशीचे झाड महाराष्ट्रात परवान्याने लावता येत नाही; केंद्र सरकार परवाने देते ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली बिनपरवाना लागवड गुन्हा आहे. पिवळ्या धोत्र्याला हा कायदा लागू नाही. तो अफूचा भाऊबंद असला तरी त्याच्यापासून अफू निघत नाही. तेव्हा बांधावर धोत्रा उगवला म्हणून कोणी घाबरायचे कारण नाही.

घाबरायचे कारण दुसरे आहे, आणि ते बियांत आहे. धोत्र्याची बोंडे उन्हाळ्याच्या तोंडाशी वाळतात, टोकाकडून फाकांनी उकलतात आणि आतले शेकडो बारीक काळे दाणे खाली सांडतात. हे दाणे मोहरीत मिसळले तर वरवर पाहणाऱ्याला कळत नाहीत. त्यांच्या तेलात सँग्विनारीन हे विषारी अल्कलॉइड असते. भेसळीचे तेल खाल्ल्याने पायांवर सूज चढते, धाप लागते, हृदय कमजोर होते, डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. कोलकात्यात १८७७ मध्ये या साथीची पहिली नोंद झाली. कारण मात्र पुढे कित्येक दशके सापडत नव्हते. १९९८ च्या पावसाळ्यात दिल्लीत हीच साथ मोहरीच्या तेलातून पसरली आणि साठाहून अधिक माणसे मेली. आपल्याकडे मोहरीचे तेल रोजच्या स्वयंपाकात नसते, करडी आणि शेंगदाणा हे आपले जुने तेल, म्हणून मराठवाड्याला या साथीची झळ तेवढी लागली नाही. पण फोडणीची मोहरी प्रत्येक घरात आहे आणि घाणीवर तेल काढून घेण्याची हौस पुन्हा वाढते आहे.

दाणे ओळखणे अवघड नाही. मोहरी तळहातावर घेऊन बोटाने फिरवावी: दाणा गुळगुळीत लागतो. धोत्र्याचा दाणा खरबरीत, जास्त काळा, आणि भिंगातून पाहिला तर जाळीदार खळग्यांचा. चिरडल्यावर मोहरी आतून पिवळी निघते, धोत्रा पांढरा. तेलाची शंका असेल तर प्रयोगशाळेत नायट्रिक आम्ल घालून परीक्षा होते. आम्लाचा थर नारिंगी ते तांबडा झाला तर भेसळ आहे असे समजतात. ती घरी करण्याची गोष्ट नव्हे, आम्ल हात जाळते. शिक्षकांनी हा प्रयोग दाखवायचा झाल्यास मुलांना लांब उभे करावे.

एक ताकीद चिकाविषयीही. धोत्र्याचा चीक डोळ्यांत घालावा, खरजेवर लावावा, असे जुने उपाय खेडोपाडी सांगितले जातात. मी त्यांची नोंद केली आहे, शिफारस नाही. ज्या बियांच्या तेलाने डोळ्यांतला दाब वाढतो, त्याच झाडाचा चीक डोळ्यांत घालायला मी कोणाला सांगणार नाही.

पुढची पाने ज्या क्रमाने लावली आहेत त्यामागे ऋतूचा हिशेब आहे. पहिल्या भागात दिवाळीच्या आसपास उगवणारी रोपे. शेतकऱ्याने तेवढा वाचला तरी पुरे. दुसऱ्या भागात पौष ते चैत्र या काळातली कळी आणि फूल, तो विद्यार्थ्यांसाठी, आणि तोच मी सर्वांत जास्त लांबवला आहे, कारण दोन जातींचा वाद तिथेच मिटतो. तिसऱ्यात बोंड आणि बी. चित्रे रंगीत न देता रेघांची दिली आहेत. कारण वर आलेच आहे. कळीचे चित्र मूळ आकाराच्या दुप्पट आहे, ते मोजताना विसरू नये.

नोंद करणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावे. या फुलांना मध नसतो, पण परागाचा सुकाळ असल्याने मधमाश्या येतात आणि दुपारपर्यंत फूल विस्कटून जाते. जाडसर हातमोजे घ्यावेत, वहीत आधी ठिकाण आणि तारीख लिहावी, मग कळीची लांबी-रुंदी, मग पाकळीचा रंग, तोही शक्य तर एखाद्या ठरावीक वस्तूच्या रंगाशी ताडून: हळद, लिंबाची साल, ताक. फिक्या फुलांचे झाड दिसले तर ते लगेच उपटू नये. फांदीचा एक नमुना कळीसकट घ्यावा, झाडाला खुणेची दोरी बांधावी आणि बोंड तयार झाल्यावर पुन्हा जावे. बोंडे मात्र उकलायच्या आत कागदी पिशवीत काढून घ्यावीत. कळी गोल भरली तर वहीत मेक्सिकाना लिहून, फुलाचा रंग शेजारी नोंदवून, मोकळे व्हावे. लांबुळकी भरली तर नमुना छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा पुण्याला पाठवावा, आणि नावाची जागा तोवर कोरी ठेवावी.